आतून कडी असलेली खोली

पोहायला शिकले तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. घराजवळच्या तलावावर सकाळी बायकांची बॅच असते. ऑफिसच्या आधी उरकता येते म्हणून नाव घातलं. पहिले सहा दिवस मी कठडा सोडला नाही. शिकवणाऱ्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून काठावर उभ्या असत. सातव्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो मॅडम, कठडा कुठे जात नाही. तुम्ही जा."

मी गेले. नाकातोंडात पाणी गेलं, शेजारच्या आजींना लाथ बसली, त्यांनी "चालू द्या" म्हटलं. दोन महिन्यांनी एकदाची तलावाची रुंदी न थांबता पार केली. त्या दिवशी घरी आल्यावर केस पुसायच्या आधी कपाटातून एक जुनी वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि 'पोहायला शिकणे' याच्यापुढे लाल पेनाने बरोबरची खूण केली.

त्या पानावरची ती शेवटची गोष्ट होती. अकराच्या अकरा झाल्या. वाटलं होतं, आता स्वस्थ वाटेल. वाटलंही, बुधवारपासून शनिवारपर्यंत. रविवारी सकाळी मी पुन्हा उगाच कपाट आवरत होते, आवरलेलं पुन्हा काढत होते.

ती वही दहावीतली, भूगोलाची. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात माझी शाळा होती. बोर्डाच्या परीक्षेत दोन पेपरांच्या मध्ये एक दिवस सुट्टी आली. मी आणि माझी मैत्रीण अभ्यासाला म्हणून शाळेच्या व्हरांड्यात बसलो आणि अभ्यास सोडून यादी केली. मोठेपणी करायच्या गोष्टी. तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर, म्हणून लिहायचं काम तिच्याकडे. समुद्र बघणे. विमानात बसणे. बर्फ हातात घेणे. एकटीने हॉटेलात जाऊन डोसा खाणे. आम्ही दोघींनीही तोवर डोसा खाल्ला नव्हता. तिच्या मामेबहिणीने वर्णन केलं होतं.

निकाल लागला तेव्हा तिला माझ्यापेक्षा एकवीस मार्क जास्त होते. अकरावीच्या दिवाळीत तिचं लग्न झालं. मी बारावी झाले आणि पुण्याला मुलींच्या सरकारी वसतिगृहात आले. माझे वडील जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गाठी उचलत. त्यांनी एका मास्तरांना सायकलवर पुढे बसवून तालुक्याच्या कचेरीत नेलं आणि माझा अर्ज भरून घेतला. त्या मास्तरांचे आणि वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचे उपकार मी अजून मानते. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या हातून. वही माझ्याकडे राहिली होती, ती ट्रंकेतून माझ्याबरोबर आली.

नोकरी लागल्यावर मी एकेक गोष्ट करत गेले. गृहपाठ पुरा करावा तशी. कुणीतरी आपल्याला जागा दिली आहे, ती वाया जाता कामा नये, असं सारखं मनात असे. समुद्राशी पोचले तेव्हा पाण्यात उभी राहून परतीच्या एसटीची वेळ आठवत होते. विमानात तर खिडकीतून बघण्याऐवजी, यानंतर काय राहिलं, हेच मोजत बसले. सिमल्याहून बर्फ बघून आले तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरचे साहेब फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "आता काय उरलं तुमचं? चंद्र?"

ते चेष्टेत बोलले. पण माझा पाय खरंच एका जागी ठरत नव्हता. प्रत्येक खुणेनंतर चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तळपायाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं.

आणि त्या रविवारी कपाट आवरताना मी ते पान पहिल्यांदाच यादी म्हणून न बघता नुसतं बघितलं. खुणा सगळ्या माझ्या होत्या. अक्षर सगळं तिचं होतं. मग मला कळेना, यातलं माझं कोणतं आणि तिचं कोणतं? मी इतकी वर्षं तिच्या वाटणीचंही करून टाकलं की काय? त्या विचाराने मला बसवेना.

ती कुठे राहते हे मला ठाऊक होतं, तेही दोन वर्षांपासून. शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा समजलं होतं, की ती लोणी काळभोरला आहे, कॉलेजच्या मुलांसाठी मेस चालवते. माझ्या घरापासून दोन बसचं अंतर. दोन वर्षांत मी गेले नव्हते. कोणत्या तोंडाने जायचं, हे सुचत नव्हतं.

पुढच्या रविवारी गेले. पिशवीत वही होती आणि एक कागद होता. बारावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याची सगळी माहिती मी छापून घेतली होती. तिला तो द्यायचा, अभ्यास मी घ्यायचा, असं मी बसमध्ये पक्कं केलं. ते मनासारखं झालं की आपण सुटलो, असंही कुठेतरी वाटत होतं.

ती मोठ्या परातीत कणीक मळत होती. मला बघून उठली नाही. कोपरापर्यंत पीठ.

"आलीस व्हय बये? मला वाटलं, मी मेल्यावर येतीस."

"कशी आहेस?"

"आहेस म्हणती. पुणेकरीण झाली. बस, ते पोतं सरकव."

पुढच्या खोलीत मेस, मधल्या खोलीत सासूबाईंची कॉट, मागे स्वयंपाक. नवरा, दोन मोठी मुलं. दारांच्या जागी पडदे होते. आम्ही बोलत होतो तेवढ्यात सासूबाईंनी तीनदा हाक मारली, नवऱ्याने चष्मा विचारला, जेवायला आलेल्या कुणीतरी "काकू, ताक?" म्हणून पडद्यातून मान घातली. ती प्रत्येकाला बसल्या जागेवरून उत्तर देत होती आणि हात चालूच होते.

मी कागद काढून दिला. तिने पिठाच्या बोटांनी कडेला धरून वाचला आणि परत दिला.

"कशापायी?"

"तुला माझ्यापेक्षा एकवीस मार्क जास्त होते."

"ते तू मोजत बसलीस. मी न्हाई." ती हसली. "दोन पोरांच्या बारावीचा अभ्यास मीच घेतला गं. आता मी कुणाला पास होऊन दाखवू? ह्या कणकेला?"

मला चपराक बसल्यासारखं झालं. तिला राग आला नव्हता, उलट ती मजेत होती. म्हणून अधिकच.

मग मी वही काढली. ती बघताच मात्र ती थांबली. हात धुतले, पदराला पुसले, आणि शेवटचं पान मांडीवर घेतलं. स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"किती घोटून लिहीत हुते मी."

"यातलं तुझं कोणतं?"

"म्हंजी?"

"कोणतं तू सांगितलेलं आणि कोणतं मी? मला आठवत नाही. मी सगळं करून बसले."

तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या खुणांकडे बघितलं. मग मास्तरांसारखी एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. "इमान तुझं. बर्फ तुझा, तुला भूगोलाचं याड. डोसा तुझा. दारावर नावाची पाटी, तुझी. पोहणं तर तुझंच. मला येतच हुतं की, आमच्या मळ्यातल्या हिरीत मी उड्या मारायची आन् तू काठावर बसून चपला राखायचीस. इसरलीस?"

विसरले होते.

"म्हणजे तुझं काहीच नाही?"

"तू बोलत हुतीस, मी लिहीत हुते. एक माझं घातलं मधीच. तुला इचारलंबी न्हाई." तिचं बोट पाचव्या ओळीवर थांबलं. *आतून कडी असलेली आपली खोली.*

त्या ओळीपुढेही माझी लाल खूण होती. कसबा पेठेत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, किल्ली हातात आली, त्या दिवशी केलेली. इतर खुणांहून लहान. पाटी आणि खोली अशा दोन्ही गोष्टी एकदम उरकतील म्हणून एका दमात दोन खुणा केल्या होत्या. कडीकडे मी लक्षही दिलं नव्हतं. वसतिगृहात कडी होती, भाड्याच्या खोलीत कडी होती. मला कडी सतरा-अठराव्या वर्षापासून मिळाली होती.

"आमच्यात कडी फक्त न्हाणीला हाय," ती सहज म्हणाली, "आन् तिथंबी कुणीतरी हाक मारतंच." मधल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. "आले ओ!"

निघताना मी म्हटलं, "माझ्याकडे ये एक दिवस. खोलीत बस. कडी लाव."

"आन् आत बसून काय करू?"

"ते मला कशाला सांगतेस?"

ती हसली. पण रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने विचारलं, "कितवा मजला?"

तीन आठवडे फोन आला नाही. त्या तीन आठवड्यांत मी त्या खोलीच्या कडीला तेल घातलं, तिचा सैल झालेला कोयंडा सुताराकडून घट्ट करून घेतला, पडदे धुतले आणि ऑफिसात दोन पत्रं चुकीच्या खात्याला पाठवली. मग शनिवारी तिचा फोन. "उद्या सांजची मेस बंद असती. दुपारच्याला येते. एक अडचण हाय. घरी सांगितलंय, तुझ्याकडं सत्यनारायण हाय."

"माझ्याकडे?"

"मग काय सांगू? कडी लावायला चालले म्हणून?"

आमचं घर बौद्ध आहे. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्याकडे कुणी सत्यनारायण घातलेला नाही, आणि हे तिला शाळेपासून माहीत होतं. मी तसं म्हटलं.

"माझ्या सासूला कुठं म्हाईत? परसाद तेवढा लागंल. तू शिरा कर."

ती दुपारी दोन वाजता आली. ठेवणीतली साडी नेसून, केसात गजरा, अगदी पूजेला निघाल्यासारखी. पाणी प्याली. घर बघितलं नाही, पाटी बघितली नाही. "कोणती?" एवढंच विचारलं. मी आतली खोली दाखवली. तिने पायाची धूळ पुसली, आत गेली, दार लावलं. कडी बसल्याचा आवाज आला. ती पुन्हा काढली. पुन्हा लावली.

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. आमच्या घराच्या मागच्या अंगाला तांबटांची आळी आहे. तिथून तांब्यावर हातोडी पडल्याचे आवाज दिवसभर येत असतात. इतक्या वर्षांत मला ते ऐकू येईनासे झाले होते. त्या दुपारी एकेक ठोका ऐकू येत होता. मी दाराशी जाऊन उभी राहिले, परत आले. तिला पाणी ठेवायला हवं होतं का? पंखा लावला असेल का? स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच दाराबाहेर मी येरझाऱ्या घालत होते. हाक मारायची नाही, एवढंच काम होतं आणि ते मला जमत नव्हतं.

शेवटी रवा भाजायला घेतला. प्रसादाचा शिरा मी जन्मात केला नव्हता. तूप पुरेसं सुटलं की नाही ते कळेना.

"केळं घातलंस का?" आतून आवाज आला.

मी दचकले. "शिऱ्यात?"

"घाल. वास येतोय नुसत्या रव्याचा. केळ्याबिगर परसाद नेला तर सासू वळखंल."

"घरात केळं नाही."

"मग आण की. मी हाय इथंच."

मी गॅस बंद केला, किल्ली न घेताच खाली गेले, केळी घेऊन धावत वर आले आणि स्वतःच्या दाराबाहेर अडकले. बेल वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. जिन्यात बसले. शेजारच्या काकांनी वर जाता जाता विचारलं, "किल्ली विसरलात?"

"नाही. आत पाहुण्या आहेत."

"मग वाजवा की बेल."

"झोपल्यात."

"छान," ते म्हणाले. "पाहुणे आत, यजमान जिन्यात." आणि वर गेले.

जिन्यात मी किती वेळ बसले सांगता येणार नाही. पाचच्या सुमाराला तिनेच बाहेरचं दार उघडलं. गजरा हातात होता. डोळे जरा सुजलेले, झोपेने की कशाने, मी विचारलं नाही.

"हितं काय करतीस?"

मी केळी दाखवली. ती इतकी हसली, की तिला दाराला धरावं लागलं.

उरलेला शिरा तिने केला. पाच मिनिटांत. डबा भरला, वर तुळशीचं पान हवं म्हणाली, तेही माझ्याकडे नव्हतं. "ऱ्हाऊ दे. वाटंत मिळंल." मी वही आणि लाल पेन तिच्यापुढे धरलं. माझी खूण मी खोडते, तू तुझी कर, असं काहीतरी बोलले.

"एका दुपारची कसली टिक गं? तुला लई घाई." तिने पेनाला टोपण लावून माझ्या हातात दिलं.

बसस्टॉपवर ती डबा पोटाशी धरून उभी होती. बस दिसली तेव्हा म्हणाली, "फुडच्या महिन्यात काय हाय तुझ्याकडं?"

"माझ्याकडे काय असणार?"

"काढ काहीतरी. शिकलीसवरलीस ना? सत्यनारायण सारखा चालायचा न्हाई."

ती गेली. मी घरी येऊन खोलीत गेले. पलंगावरची चादर तशीच होती, एक सुरकुती नव्हती. टेबलाजवळची खुर्ची मात्र दाराशेजारी आलेली होती. कडी लावूनही तिने ती दाराला टेकवली असावी आणि सगळी दुपार तिथेच पाठ देऊन बसली असावी. मी खुर्ची उचलायला गेले आणि तिथेच राहू दिली.

मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. तारखांखाली बारीक अक्षरांत काय काय छापलेलं असतं ते मी कधी वाचलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यातले रविवार बघत, चष्मा लावून, एकेक तिथी वाचत बसले. तिच्या सासूबाईंना पटेल असं काहीतरी सापडायला हवं होतं.