होडी सरळ बसली होती

तिला सगळे पाणकावळी म्हणत. बुडी मारायची, वर यायचं, काठावर अंग वाळवत बसायचं, पुन्हा बुडी. दुसरं काय म्हणणार? नाव चेष्टेने पडलं होतं. पण चेष्टा करणाऱ्यांपैकी एकाचीही कधी वस्तीशेजारच्या त्या तलावात गुडघ्याच्या वर जायची छाती झाली नाही, हेही सांगून टाकलेलं बरं.

ती काही हौसेने बुड्या मारायला शिकली नव्हती. नवरा मासे धरायला होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. होडीही नाही. सरकारी पाणबुडे आले, दोन दिवस गळ टाकून बसले आणि हात झटकून निघून गेले. तेव्हा तलाव म्हणजे नुसता हिरवा लगदा होता. रंगाच्या कारखान्याचं आणि अख्ख्या वस्तीचं सांडपाणी त्यात. पाण्यात हात घातला तर आपलीच बोटं दिसायची नाहीत. बाई मात्र हट्टाला पेटली. निदान हाडं तरी हाती लागू देत, म्हणून टाकी नाही, नळी नाही, नुसता दम कोंडून ती रोज खाली जायची आणि गाळात चाचपडायची. त्यात डावा कान कायमचा गेला. लोक म्हणाले, वेड लागलंय. लागलंच होतं. जीव होता तिचा नवऱ्यावर.

घरात दुसरं माणूस म्हणजे सासू. सासवा सुनांना पाण्यात पाहतात म्हणे. ही बिचारी सून पाण्यातून कधी येते हे पाहत दारात बसायची. आणि रोज एकच सांगायची: तो जिवंत आहे, तू नको शोधूस. आईचं काळीज, दुसरं काय बोलणार, असं म्हणून पाणकावळी तिला गरम पाणी द्यायची, पाय चेपायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तलावावर जायची.

मग तलाव स्वच्छ करायचं काम निघालं. सांडपाणी अडवलं, काठाने पाणी गाळणारी लव्हाळी लावली, आणि पाणी खरोखर सुधारतंय की नाही याचे फोटो हवे झाले. टाकीवाले पाणबुडे आणले, तर त्यांच्या बुडबुड्यांनी आणि पायांनी इतका गाळ उठला की फोटोत सगळा धूरच. कामाच्या प्रमुख मॅडमच्या कानावर पाणकावळीचं नाव गेलं आणि त्यांनी तिला कामावर घेतलं. तळाशी ठरलेल्या जागी लोखंडी चौकटी ठेवलेल्या होत्या; एका दमात खाली जायचं, कशालाही धक्का न लावता चौकटीवर स्थिर राहायचं, चौकटीतल्या तळाचा फोटो काढायचा, वर यायचं. वर होडीत तिच्या कमरेची दोरी धरून मामा असायचे, पोहण्याच्या तलावावरचे निवृत्त रखवालदार. दोरी जास्त वेळ ढिली राहिली की ते शिव्या घालत ओढायला लागत.

मॅडम काळीपांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडत. ती जिथे दिसेनाशी होईल तिथवर पाणी नितळ. तबकडी दर हंगामात आणखी खोल दिसू लागली, ऑफिसात आनंदीआनंद झाला. पाणकावळीने मात्र देव पाण्यात घातले होते. तिला एवढंच हवं होतं: तो आपल्याकडेच परत येत होता, तलावाने येऊ दिला नाही, असं एकदा डोळ्यांनी पाहून मनाशी म्हणता यावं.

त्या दिवशी पलीकडच्या काठाला, हमरस्त्याच्या खाली, नव्या चौकटी ठेवायच्या होत्या. निम्म्यावर गेली आणि तिला खाली होडी दिसली. नाकावरचा पांढरा पट्टा तिनेच रंगवलेला. सापडला, असं वाटून ती चौकट विसरून होडीवर गेली.

होडी तळाशी सरळ बसली होती. आत दगड होते. होडी कलंडू नये म्हणून रचतात तसे, पुढून मागे, कडेला कड लावून. बुडातलं बूच काढलेलं. मागे इंजिन नव्हतं; तुटलं म्हणावं तर फळी शाबूत, स्क्रू नीट फिरवून सोडवलेले. आणि हाडं? एकही नाही.

मरायला निघालेला माणूस इंजिन सोडवून बरोबर नेतो होय? वर हमरस्ता, त्यावर बसगाड्या. गडी सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन गेला होता. तिचं पोट श्वासासाठी आचके देत होतं तरी ती हलेना. सवयीने बोटाने फोटो तेवढा काढला. शेवटी मामांनीच ओढून वर घेतली. मामांच्या होडीच्या कडेवरून ती भडाभडा ओकली, आणि विचारलं तेव्हा कान दुखला म्हणाली.

मॅडमना तो फोटो फार आवडला. दगडांच्या फटींत माशांची पिल्लं, बुचाच्या भोकातून वर आलेलं पाणगवत. यापेक्षा चांगला पुरावा नाही, म्हणाल्या, मोठा करून ऑफिसच्या भिंतीवर लावू. सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पाणकावळी मूग गिळून उभी राहिली.

संध्याकाळी घरी आली आणि ओल्या केसांनीच सासूसमोर बसली.

"आई, होडी सापडली."

सासूने विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

मुलगा अकरा वर्षं बेपत्ता असलेल्या आईने हे विचारावं! तो सापडला का, काही उरलंय का, काहीच नाही. तिथेच पाणकावळीला सगळं समजलं. बाकीचं सासूच्या तोंडून हळूहळू बाहेर आलं. त्याचं दुसरीकडे जमलं होतं. तिकडे घर आहे, मुलं आहेत. फोन करतो अधूनमधून, सून तलावावर असते त्या वेळी. मी खोटं कधी बोलले नाही, म्हातारी म्हणाली, जिवंत आहे म्हणून रोज सांगत होते. पुढचं सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का? मग माझं कोण होतं? मलाही त्याने नेलं नाहीच.

पाणकावळीला तिचा राग आला, किळस आली, आणि त्याच वेळी तिचे सुरकुतलेले हात बघवेनात. मग तिने विचारलं,

"मी त्याला शोधायला खाली जाते, हे त्याला सांगितलं होतं?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं."

"काय म्हणाला?"

म्हातारीने मान खाली घातली. "शोधू दे म्हणाला. दमली की थांबेल."

पाणकावळी भिंतीला टेकली.

"अकरा वर्षं दमले नाही हो मी, आई," ती म्हणाली.