रिकामा डबा कसा धाडायचा?

वारज्याच्या त्या सोसायटीत आम्रपाली ओव्हाळ हिच्याविषयी एक वाक्य कायमचे ठरून गेले होते. "ओव्हाळबाईंना मीटिंगला बोलावू नका हो, मीटिंग वेळेत संपते." त्यावर तळमजल्यावरचे बापूराव खिन्नपणे भर घालत, "आणि निर्णयही होतो." पार्किंगचा पिढीजात वाद तिने एका रविवारी खडूने रेघा मारून मिटवला होता, तेव्हापासून अनेकांच्या संध्याकाळी ओस पडल्या होत्या.

आम्रपाली येरवड्यात वाढली. वडील टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करत, आणि आपल्या घरी मेथीसुद्धा पिनकोडप्रमाणे निवडली जाते, अशी तिच्या आईची तक्रार असे. पुढे ती इंजिनिअर झाली, कारखान्यात रमली. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या अभिनवने घरातून, इंटरनेटवर, स्टीलची भांडी विकायला काढली. मागणी वाढत गेली तशी घरची माणसे एकेका खोलीतून हद्दपार होऊ लागली. आजोबा कुकरच्या खोक्यांवर बसून पेपर वाचू लागले, तेव्हा अभिनवची आई खाली आली आणि म्हणाली, "आम्रपाली, आमच्याकडेही जरा रेघा मारून दे गं."

तिने मारल्या. मग "आता मला टीमही बांधून द्या" अशी अभिनवने गळ घातली, तेव्हा ती कारखाना सोडून त्याच्या कंपनीत आली. आता वाघोलीला कंपनीचे मोठे गोदाम होते आणि तिथे पॅकिंगची टेबले ओळीने मांडलेली होती. तिचा नियम साधा होता. प्रत्येक टेबलाने आपला प्रमुख आपणच निवडायचा. आणि चूक झाली तर ती टेबलाची, कोणा एकाची नाही. अभिनवला हे फार घरगुती वाटे. त्याने टीम बांधण्यासाठी एक प्रशिक्षक आणला. प्रशिक्षकाने सर्वांना डोळे मिटून पाठीमागे पडायला सांगितले. मागचा माणूस झेलतो, त्यातून विश्वास वाढतो. पॅकिंगच्या टेबलावरच्या, केसनंदच्या दुर्गाबाई पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "पर पडायचं कशापायी? नीट उभं ऱ्हायलं तर इस्वास वाढंना का?" प्रशिक्षकाने चहा मागवला, आणि कार्यशाळा चहापाशीच आटोपली.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीला आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर मिळाली. खराडीच्या एका कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांना भेट म्हणून स्टीलचे डबे द्यायचे होते. पहिला ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या खरेदी अधिकारी नम्रता यांचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही आम्हाला वापरलेले डबे पाठवलेत का?"

"नाही. काय झालं?"

"डब्यांत साखर आहे. आणि आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये मुंग्यांची रांग लागली आहे. आमच्या लोकांपेक्षा शिस्तीत आहे, ते सोडा. उरलेले डबे मी उद्या येऊन स्वतः बघणार. एक जरी असा निघाला तरी ऑर्डर रद्द."

अभिनव धावत गोदामात आला. "आम्रपालीताई, हे ज्याने केलं त्याला आजच काढा."

आम्रपाली टेबलांपुढे उभी राहिली आणि साखर कोणी घातली, असे तिने विचारले. तिनेच शिकवलेली एकी तिच्यासमोर तोंड मिटून उभी होती. शेवटी दुर्गाबाईंनाच तो खेळ कंटाळवाणा वाटला असावा.

"म्या घातली. मंग बाकीच्यांनी घातली. त्यात काय लपवायचं हाय?"

"अहो, पण का?"

"सणाची भेट हाय म्हणलात ना तुमी? भेटीचा डबा रिकामा कसा धाडायचा? घेनाऱ्याला काय वाटंल!"

"साखर आणली कुठून?"

"च्याच्या डब्यातली." आठवडाभर गोदामाचा चहा फिका का लागत होता, हे आता उमगले. अभिनवने मात्र तो आरोग्यविषयक उपक्रम समजून सर्वांचे जाहीर अभिनंदन केले होते.

आम्रपालीने रागावायचे ठरवले, पण राग नीट येईना. परवाच तिने शेजारच्या कल्याणीची वाटी चिवडा घालून परत केली होती. रिकामी देताना हात पुढे झाला नसता.

"दुर्गाबाई, भेट ती कंपनी देणार आहे, आपण नाही."

"त्यांनी कायबी घातलं न्हाय, म्हणून तर आपुन घातलं."

"आपण दुकानदार. तुम्ही बाजारातून डबा घेता, तेव्हा दुकानदार त्यात साखर घालून देतो का?"

दुर्गाबाईंनी विचार केला. "न्हाय. दुकानदार लई चिकट असत्यात."

"मग आपणही चिकट. ठरलं?"

"तुमी म्हणताय तर ऱ्हाऊ चिकट," दुर्गाबाई नाइलाजाने म्हणाल्या.

त्या दिवशी सगळी टेबले धुण्यापुसण्याला लागली. प्रत्येक डबा उघडला, धुतला, कोरडा केला आणि पुन्हा बांधला. कोणी कोणाला दोष दिला नाही. फक्त अभिनव मुंग्यांवर पावडर टाकत हिंडत होता आणि सर्वांच्या पायांत येत होता. दुसऱ्या दिवशी नम्रता आल्या. त्यांनी मधलेच डबे काढून उघडले, एकाचा वासही घेतला, आणि ट्रक भरायला सांगून निघून गेल्या.

अभिनवने सुटकेचा निःश्वास सोडला. मग तो आम्रपालीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ऑर्डर वाचली, उत्तम. पण गुंतवणूकदारांनी विचारलं तर कारवाई काय केली, हे सांगायला नको का? दुर्गाबाईंना तेवढं कमी करू. एकच माणूस."

हलका आवाज गोदामात फार लांब जातो. टेबलांवरचे हात थांबले. दुर्गाबाई हातातल्या चिकटपट्टीकडे बघत राहिल्या. आज एक नाव दिले, तर उद्यापासून इथे प्रत्येक जण आधी स्वतःला वाचवील आणि मग डबा, हे आम्रपालीला पक्के ठाऊक होते. तिने समोरच्या खोक्याची पट्टी शेवटपर्यंत लावली, हाताने दाबून बसवली, आणि मगच मान वर केली.

"टीम बांधून पाहिजे म्हणालात, बांधून दिली. आता त्यातलं एक माणूस सुटं मिळणार नाही."