उतारशाळेची ॲडमिशन

प्रत्येक घरात पिशव्यांनी भरलेली एक पिशवी असते ना? एक काढायला जावं तर दहा अंगावर पडतात. आमच्या पाळकसाहेबांचे किस्से तसेच आहेत. कोणी ठरवून साठवले नाहीत, पण आता एक सांगायला बसलं की बाकीचे आपोआप बाहेर येतात!

दारव्ह्याची आमची मंडळी लहान. मंडळी म्हणजे चर्चची माणसं, अन् पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. लग्नात कोणी नुसतं "चला मंडळी, जेवायला बसा" म्हटलं तरी आमचं अख्खं चर्च उठतं! आमचे हे मंडळीचे सेक्रेटरी. त्यामुळे प्रत्येक बातमी आधी माझ्या सैपाकघरात येते अन् मिटिंगमध्ये नंतर जाते. नोव्हेंबर संपता संपता अशीच बातमी आली की पाळकसाहेबांची बदली झाली. हा त्यांचा इथला शेवटचा नाताळ.

पाळकसाहेब मूळचे यवतमाळचे. चटईवर बसले की अस्सल वऱ्हाडी. पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या ओट्यावर, चढले की मात्र बोली चपलांसोबत दाराबाहेर! वर सगळं शुद्ध. देवाचं वचन नीट कपडे घालूनच बाहेर पडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

एकदा ऐन प्रवचनात छतावरून पाल पडली. बायका किंचाळल्या. हे वरून शांतपणे म्हणाले, "भगिनींनो, भयभीत होऊ नका. ती निघून गेलेली आहे."

उपासना संपली अन् बाहेर येऊन मला हळूच विचारतात, "सुमनताई, ते पाल गेली कुठं? मी त लय भेलतो!"

*

डिसेंबर लागला की पाळकसाहेबांचा एकच प्रश्न असतो, "वाढदिवस कोणाचा?" केकचं बोला, कपड्यांचं बोला, लायटिंगचं बोला, ते ऐकून घेतात अन् शेवटी हेच विचारतात.

यंदा आमच्या ह्यांनी गच्चीवर स्टार लावला. स्टार कसला, विमानतळच तो! गल्लीत सगळ्यात मोठा पाहिजे, हा हट्ट. संध्याकाळी सगळ्यांना बोलावून ह्यांनी मोठ्या थाटात बटण दाबलं. फाट्कन आवाज झाला अन् पूर्ण गल्लीची लाइन गेली!

अंधारात शेजारचे बोंबलू लागले. तेवढ्यात टॉर्च घेऊन पाळकसाहेब आले. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"सेक्रेटरीसाहेब, त्या ताऱ्यानं मागी लोकाइले, पूर्वेकडच्या ज्ञानी माणसाइले, बाळ येशूचा रस्ता दाखवला होता. तुमच्या ताऱ्याच्या भरवशावर आले असते त बिचारे उंटासकट आपल्या नालीत पडले असते!"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कागदाचा लहानसा स्टार आणला. त्यात एकच बल्ब. मला तर तोच जास्त आवडला.

*

फराळाच्या दिवशी माझ्या तोंडून सगळ्या घराला शिव्या बसतात, हे मी लपवत नाही. करंज्या तळत होते, अन् पाळकसाहेब प्रार्थनेला आले. म्हटलं, "पाळकसाहेब, बसा पाच मिनिटं. कढई ठेवली आहे, मध्येच सोडली त तेल जळते."

दुसरा कोणी असता तर रागावला असता. हे सरळ सैपाकघरात आले, कढईजवळ उभे राहिले, डोळे मिटले अन् म्हणाले, "हे प्रभू, तेल तापलेलं आहे, म्हणून थोडक्यात बोलतो. या घरात ये. आमेन."

मी झारा हातात धरूनच आमेन म्हटलं. इतकी नीट प्रार्थना मी त्या वर्षात केली नव्हती!

मग ते पाटावर बसले. गरम करंजी बशीत निवत ठेवली अन् तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "सुमनताई, बदलीचं मले दुःख नाही. पण एक भेव वाटते. मी गेल्यावर स्टार राहील, केक राहील, सांता राहील. तो राहील का? सगळे मलेच पाहून बोलत असतील, 'वाढदिवस येशूचा.' माह्या पाठीमागं कोणी बोलन का?"

मी अजून एक करंजी वाढली.

*

हे भेव ज्याच्यामुळे होतं तो म्हणजे आमचा आशिष. तरुणसंघाचा अध्यक्ष. बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान. मनानं सोनं, पण डोक्यात सदा डीजे वाजत असतो.

मिटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, "पाळकसाहेब, यंदा तुमचा लास्ट ख्रिसमस हाय, त ग्रँड करू! डीजे, सांताक्लॉज, अन् यवतमाळवरून एक मोठे साहेब चीफ गेस्ट!"

डीजेला पाळकसाहेबांनी हात जोडले. सांताला हो म्हणाले. साहेबांचं ऐकून म्हणाले, "येऊ द्या. देवाचं घर हाय, कोणीही येऊ शकते."

"त्याहिच्यासाठी समोर सोफा लागन."

"सोफा कायले? आपण सगळे त सतरंजीवर बसतो."

"साहेब हायत ना पाळकसाहेब! सतरंजीवर कसे बसतील?"

पाळकसाहेब खूप वेळ हसले. "वा रे बेटा! ज्याचा वाढदिवस त्याले गव्हाणीतलं गवत, अन् पाहुण्याले सोफा!"

सगळे हसले. तरी सोफा ठरलाच. आशिषच्या ताईच्या घरचा, मखमली, लाल!

*

संडेस्कूलच्या कार्यक्रमात आशिष स्वतःच सांता झाला. पोटाला उशी, तोंडाला दाढी, हातात चॉकलेटची थैली. पोरं तर वेडीच झाली.

पाळकसाहेबांनी विचारलं, "लेकरांहो, वाढदिवस कोणाचा?"

"सांताचा!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

मी पाळकसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. रागावले नाहीत. खुर्ची ओढली, तिच्यावर सांताला बसवलं अन् म्हणाले, "सांताबुवा, चॉकलेट मंग वाटा. आधी या लेकराइले खऱ्या वाढदिवसाची गोष्ट सांगा."

आशिषला दाढीतून घाम फुटला. कशीबशी सुरुवात केली. योसेफ, मरिया, बेथलेहेम. इथवर गाडी बरी चालली. मग म्हणाला, "पण उतारशाळेत त्याहिले जागा भेटली नाही."

समोरच्या एका पोरीनं हात वर केला. "काहून? ॲडमिशन फुल्ल होती का?"

आता उतारशाळा म्हणजे वाटसरूंनी रात्रीपुरतं उतरायची जागा, जुन्या काळचं लॉज; तिथं जागा नव्हती म्हणून तर बाळ येशूला गव्हाणीत निजवलं. नाताळ सोडला तर हा शब्द आमच्याही तोंडात येत नाही. पण अध्यक्षांना तरी माहीत असावा ना? आशिष खुर्चीत नीट सरसावून बसला अन् एकदम गंभीरपणे म्हणाला, "हो ना बाई. डोनेशन मागतलं असन. शाळावाल्याइचं तेव्हापासून हेच चालू हाय!"

पाळकसाहेब भिंत धरून खाली बसले. हसून हसून डोळ्यांतून पाणी! आशिषला जेव्हा अर्थ कळला तेव्हा दाढी काढून स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'ॲडमिशन'. दुकानावर लोक विचारायचे, "ॲडमिशनभाऊ, चार्जर हाय का?"

*

चर्चमधल्या ख्रिसमस ट्रीवर आम्ही दर वर्षी बर्फ म्हणून कापूस लावतो. आपल्याकडे बर्फ कुठला? पण डिसेंबरात कापसाला काय तोटा! यंदा आशिषनं हात मोकळा सोडला. खालून वरपर्यंत झाड पांढरं शुभ्र.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरची सोनाबाई पाणी प्यायला आली. बंजाऱ्याची म्हातारी, आरशांची कांचळी म्हणजे चोळी, हातभर बांगड्या. बाजाराला आली की आमच्या चर्चच्याच नळावर पाणी पिते. दारातून तिला झाड दिसलं. तिथंच थांबली, कमरेवर हात ठेवला.

"माय वं! एवढी बोंडं फुटली, अन् कोणी वेचलं नाही?"

आम्ही खो खो हसलो. ती मात्र आमच्याकडे अशी पाहत होती, जणू आमच्यासारखे आळशी शेतकरी तिनं जन्मात पाहिले नाहीत. जाताना म्हणाली, "आज वेचा बापा. दव लागन त खराब होईन. तांड्यावरच्या बायकाइले आणतो मी, असं झाड दाखवाले."

पाळकसाहेब हसले नव्हते. त्यांनी टोपलं मागवलं. "बाई बरोबर बोलली. वेचायचाच राह्यला."

अन् स्वतः कापूस काढायला लागले! आशिष धावत आला. "पाळकसाहेब, झाड टकलं दिसून राह्यलं ना!"

"दिसू दे. थंडी झाडाले नाही लागत, माणसाले लागते."

*

टोपलं गेलं सत्तारभाईंकडे. सत्तारभाई गादीवाले. कापूस पिंजतात, गाद्या अन् दुलया भरतात.

"पाळकसाहेब, दुलई किसके वास्ते?" सत्तारभाईंनी विचारलं.

"ज्याचा वाढदिवस हाय त्याच्यासाठी. चर्चमधल्या देखाव्याच्या गव्हाणीत ठेवू. मंग ज्याले लागन तो घेऊन जाईन."

"गव्हाणी म्हणजे ढोराइले चारा टाकतात ते? मग साइज लहानच ठेवतो." टेप काढता काढता ते थांबले. "एक मिनिट. ये हजरत ईसा का जनमदिन है ना? जो नाताळ है?"

"हो."

सत्तारभाईंनी टेप गुंडाळून खिशात घातला. "फिर तो बडी बनानी पडेगी, पाळकसाहेब. उनका नाम लेके छोटी चीज कैसे दूँ?"

डबल साइजची दुलई झाली! कापूस कमी पडला तो त्यांनी आपल्या दुकानातला घातला, वरून हिरवी किनार शिवली. ती दुलई लाकडी गव्हाणीत काही केल्या मावेना, दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. सत्तारभाईंचं नाव निघालं की माझं मन अजून भरून येतं.

*

आता नाताळची सकाळ.

नाताळला आमच्या चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नसते. वर्षभर ज्यांची तोंडं दिसत नाहीत तेही नवे कपडे घालून हजर! सतरंज्या भरल्या, मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या. रिकामा होता तो फक्त समोरचा लाल सोफा. साहेब निघाले होते. आमच्या ह्यांच्या फोनवर दर दोन मिनिटांनी, "पोचूनच राह्यलो."

दारावर आशिष. छातीला बिल्ला, अंगात कोट. उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला तोंड पाडून सांगत होता, "जागा नाही. खरंच जागा नाही. भाऊ, बाहेर स्पीकर लावला हाय."

मी दाराजवळच बसले होते. पाळकसाहेबांचं शेवटचं प्रवचन सुरू झालं होतं. शुद्ध मराठी. "प्रियजनहो, आजच्या या मंगलदिनी..." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. डोळे पुन्हा पुन्हा त्या सोफ्याकडे जात होते.

तेवढ्यात दारात बांगड्यांचा अन् घुंगरांचा आवाज. सोनाबाई! मागं तांड्यावरच्या चार बायका, सगळ्या सणाच्या कपड्यांत. उघड्या ट्रॅक्टरवर बसून आल्या होत्या, थंडीनं ओठ काळेनिळे पडले होते. कापसाचं झाड दाखवायला आणलं होतं म्हातारीनं सगळ्यांना!

आशिष सवयीनं म्हणाला, "बाई, जागा ना..."

अन् तिथंच अडकला.

सोनाबाई म्हणाली, "जागा नसन त राहू दे बाबू. उभ्यानंच पाहतो अन् जातो. वाढदिवस हाय म्हणे इथं. कोणाचा हाय? दिसून नाही राह्यला कुठं."

आशिषनं तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. सोफा, बाजूला गव्हाणी, अन् तिच्यातून लोंबणारी दुलई.

"येशूचा हाय," तो हळूच म्हणाला. "चला. तुमची जागा समोर हाय."

म्हातारीचा हात धरून तो मधल्या वाटेनं निघाला. मागं चार बायका, छुनछुन छुनछुन. सगळं चर्च वळून पाहायला लागलं. आमचे हे अर्धे उठले, एका हातानं फोन दाखवत, दुसऱ्या हातानं नको नको करत. आशिषनं पाहिलंच नाही. पाचही जणींना लाल सोफ्यावर बसवलं. गव्हाणीतून दुलई उचलली, झटकली, अन् पाचही जणींच्या मांड्यांवर पसरली. बरोबर पुरली.

सोनाबाईनं दुलई चिमटीत धरून दाबून पाहिली. "वेचला वाटते," शेजारणीला म्हणाली.

प्रवचन केव्हाच थांबलं होतं. पाळकसाहेबांनी वरून विचारलं, "आशिष, तिथे काय चालले आहे?"

आशिष सरळ उभा राहिला. कोट नीट केला.

"काही नाही, पाळकसाहेब. उतारशाळेची ॲडमिशन होऊन राह्यली."

कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. दोन्ही हात पुलपिटावर ठेवले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माइकसमोर, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाले,

"मंग माह्यं प्रवचन झालं, बापा."

अन् खाली उतरून सतरंजीवर बसले.