सम्मेदचा दहा दिवसांचा नेम

गडमुडशिंगीत सम्मेद चौगुलेची ओळख म्हणजे ‘कोल्हापुरात वाटीत आतडं वाढवतो त्यो’. बोलणारे हसून बोलायचे, पण खोटं नव्हतं. माणसाच्या आतड्याचा कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या मूळपेशी चिकट जेलात रुजवायच्या, दिवसाआड त्यांना खाऊ घालायचं. पंधरा दिवसांत खसखशीएवढे बुडबुडे धरायचे. शास्त्रात ऑर्गनॉइड म्हणतात. वागायला हुबेहूब त्या माणसाच्या आतड्यासारखे, म्हणून औषध आधी त्यांच्यावर घालून बघायचं. चौदा वर्षं सम्मेद हेच करत होता.

यंदा वाटीवर नाव आलं ते धाकट्या बहिणीचं. दीपाला आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. दोनच औषधं उरली होती आणि अंगात बळ एकच झेपेल एवढं. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या वाटीत दोन्ही घालून बघा. जे चालेल ते देऊ.” दीपाच्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये आला, धरलाही.

“अण्णा,” दीपा कॉटवरनं विचारायची, “तिकडचं माझं आतडं जेवतंय का नीट?”

“तुझ्यापेक्षा बरं जेवतंय.”

“मग त्यालाच घरी आण की. मी जाते वाटीत.”

भादव्यात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व लागलं. ते जेल उंदराच्या गाठीपासनं करतात, हे सम्मेद कधीतरी आईजवळ, अक्काताईंजवळ, बोलून गेला होता. त्यांनी ते मनात धरलेलं.

“जलम त्या उंदराच्या चिकात घातलास. भणीसाठी दहा दिवस तरी हात आवर की रं.”

सम्मेद धर्माचं फार काही करणारा नव्हे. पण त्या सकाळी दीपाला उठून बसता आलं नव्हतं. बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, पंडित म्हणाले, “झेपंल तेवढंच बोला.” यानं हात जोडले आणि नेम बोलला, दहा दिवस जीव मारून केलेल्या वस्तूला शिवणार नाही.

तिसऱ्याच दिवशी वाटी बदलायची वेळ आली. बुडबुडे दाटले की फोडून नव्या जेलात लावावे लागतात. थांबता येत नाही. लॅबमधल्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, “मी लावते. नेम तुमचा आहे, माझा नाही.”

“करवून घेतलं तरी पाप तेवढंच, मॅडम.”

फ्रीजमध्ये समुद्रशेवाळाचं जेल होतं. त्यात आतडं वाढतं, असं त्यानं एका शोधनिबंधात वाचलं होतं. ते निरोगी आतडं होतं, गाठीचं नव्हे. हे त्यालाही ठाऊक होतं.

“निम्मे तरी जुन्यात ठेवा, सम्मेद.”

“निम्मा नेम असतोय व्हय, मॅडम?”

सगळे शेवाळात घातले.

पाचव्या दिवशी बुडबुडे काळवंडले. सातव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली नुसता भुगा दिसला. दुसरा तुकडा काढायला डॉक्टरांनी नकार दिला. आता जखम केली तर रक्त थांबायचं नाही म्हणाले.

सम्मेदनं दीपाला सांगितलं.

“सगळेच घातलास?”

“व्हय.”

“येडा हाईस, अण्णा. मग आता औषध कुठलं ते कसं ठरवणार?”

“अंदाजानं.”

“अंदाज तर मलाबी आला असता की.” मग म्हणाली, “आईला बोलू नगंस. जेवायची न्हाय ती.”

अकराव्या दिवशी पारणं झालं. अक्काताईंनी गल्लीतल्या बायका बोलावून लेकाचं कौतुक केलं. त्याच आठवड्यात दीपाला एक औषध चालू झालं आणि महिन्यानं बंद झालं. यकृतातली गाठ दुप्पट झाली होती. दुसरं दिलं असतं तर? कदाचित दोन्ही बिनकामाची होती. तेवढं तरी वाटीतनं कळलं असतं. आता ते कुणालाच कळणार नव्हतं.

दीपाला पाणीही चमच्यानं पाजावं लागतं. काल शेजारच्या झुंबरबाई बघायला आल्या, तेव्हा अक्काताई म्हणाल्या, “ह्याच्या नेमानंच तग धरलाय पोरीनं.” आणि लेकाकडं वळून, “पुढल्या खेपेला सोळा दिवसांचा धर.”

दीपानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

“व्हय,” सम्मेद म्हणाला.