उमरग्याच्या बाई आणि बारवेची शंभरी

ब्लॉगला वर्ष झालं. अशा वेळी लोक वाचकांचे आभार मानतात, केकचा फोटो टाकतात. मी टिप्पण्या उघडून बसलो. कौतुकाच्या भराभर खाली ढकलल्या, कारण कौतुक करणाऱ्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागतो. तीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस होतो. गाडीत चढल्यावर जो आपणहून हसायचा, त्याच्याकडं मी आधी तिकीट मागायचो. निवृत्त झालो, पण ही सवय काही पेन्शनीत निघाली नाही.

वर्षभर मी दिनविशेष लिहिले. कुणाची जयंती, कुठल्या पुलाची पन्नाशी, कुठल्या शाळेचा अमृतमहोत्सव. सगळ्यांत जास्त वाचली गेलेली नोंद एका बारवेची होती. बारव म्हणजे पायऱ्या उतरून जायची दगडी विहीर. धाराशिव जिल्ह्यात बेंबळीच्या पुढं एक लहान गाव आहे, तिथली. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती. त्या नोंदीखाली दर महिन्याला एकच माणूस एकच वाक्य टाकायचा: ‘सन पुन्हा तपासा.’ नाव दिलेलं ‘झेड. शेख, उमरगा’.

मला वाटलं, कुणीतरी जळतंय. पुढं वाटलं, कुणाचा तरी मतलब आहे. वर्ष सरलं तरी हा गडी थांबेना, तेव्हा मी पिशवी भरली. बायको म्हणाली, “एका टिप्पणीसाठी दोन दिवस?” मी म्हणालो, “विनातिकीट माणूस पकडायचा तर गाडीत चढावं लागतं.” ती हसली नाही.

सोलापूरहून धाराशिवला तुळजापूरमार्गे गाड्या भरपूर आहेत. रस्ता आता चौपदरी, घाट सोडला तर पोटातलं पाणी हलत नाही. दोन तास धरा. ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड मात्र खरं ठेवा, झेरॉक्स चालत नाही. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी न विचारता आपलं तिकीट वरच्या खिशात दिसेल असं ठेवलं. मी ते तुळजापूरपर्यंत तिरक्या नजरेनं वाचत होतो. बरोबर होतं.

धाराशिव स्थानकाबाहेर सुशीला खाल्ली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, वर शेव आणि लिंबू. पोट भरतं आणि स्वस्तात होतं. गुलाबजाम घ्यायचे असतील तर परतताना घ्या, दिवसभर पिशवीत पाक सांडतो. बेंबळीची गाडी साधारण तासाभरानं लागते आणि तेवढ्याच वेळात पोचवते. पुढं टमटम. त्यानं साठ मागितले, मी चाळीस म्हणालो, पन्नासवर गाडी निघाली. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेलं होतं, काळी रानं नांगरून पडली होती, मध्येच एखादं तुरीचं हिरवं वावर. सुंदर मुलूख आहे, पण मी तेव्हा मुलूख बघायच्या मनःस्थितीत नव्हतो.

गावात शिवलिंगप्पांचं किराणा दुकान आहे. साठीचा, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलताना मधूनच कानडी. बारवेच्या दगडाचा फोटो त्यांनीच मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. त्यांचे आजोबा सिद्रामप्पा, त्यांच्या पैशानं ही बारव झाली. दगडावर उर्दू लिहिलेलं आहे. मला उर्दू अक्षरं येत नाहीत, अंक येतात. उर्दू आहे म्हणजे हिजरी सन, असं धरून मी इंटरनेटवरून इंग्रजी साल काढलं. बरोबर शंभर भरत होती. लगेच नोंद टाकली. गावानं उत्साहानं शंभरी केली, जेवण घातलं, पाटी लावली. मलाही आमंत्रण होतं, गुडघ्यामुळं गेलो नाही.

म्हणजे, वाचकहो, ज्या नोंदीवर तुम्ही शाबासक्या दिल्या, ती मी बारव न बघता लिहिली होती. तिकीट हातात न घेता पंच मारल्यासारखं.

“या साहेब, या! तुमच्यामुळं गावाचं नाव झालं,” शिवलिंगप्पांनी बाकावर रिकामं पोतं अंथरलं. लई हसत होते. मी सावध झालो.

बारव गावाच्या पश्चिमेला आहे. उतरायचं तर चप्पल काढून उतरा, शेवटच्या पायऱ्या निसरड्या आहेत. पाणी हिरवं, पण दगडकाम असं की सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही. काठावर निळी पाटी. ‘शतकपूर्ती’, त्याखाली ‘दाते: सिद्रामप्पा’, आणि त्याच्याही खाली निळ्यावर निळ्याचाच एक गडद पट्टा.

“इथं काय होतं?”

“गवंड्याचं नाव होतं की. कासीम गवंडी.”

“मग?”

शिवलिंगप्पांनी माझ्याकडं नवलानं बघितलं. “तुमीच लिवलं न्हवं, साहेब? पाटी झाल्यावर ग्रामसभेत सगळं वाचून दाखवलं आमी. लगी पेंटरला म्हणलं, पूस बाबा.”

हो, मीच लिहिलं होतं. गाव सांगायचं, बारव कासीमनं बांधली. तो कुठल्या साली वारला आणि तेव्हा त्याचं वय किती होतं, हेही गावाला माहीत होतं. मी त्यावरून मागं मोजलं, तर माझ्या सालात कासीम अकरा वर्षांचा भरत होता. म्हणून मी ऐटीत लिहिलं, ‘अकरा वर्षांचं पोर बारव बांधत नसतं. ही कुणाच्या तरी घरात तयार झालेली दंतकथा.’ या वाक्यावर मी खूश होतो. त्या वाक्यानं एका माणसाचं नाव पुसलं गेलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“ही दंतकथा सांगायचं कोण?” मी विचारलं.

“त्याची लेकच की. उमरग्याला असते. उर्दू शाळंत बाई होती. शेखबाई.”

झेड. शेख! आता कसं सगळं जुळलं. लेकीला बापाचं नाव पाटीवर हवं, म्हणून दर महिन्याला टोचणी. मी मनातल्या मनात तिला फाइन लावलासुद्धा.

पण मग मी उर्दू लिहिलेल्या दगडाजवळ वाकलो आणि गडबड झाली. आकड्यांच्या खाली आणखी एक ओळ होती, शेवाळानं अर्धी भरलेली. माझ्या ब्लॉगवरच्या फोटोत ती ओळ नव्हती. मी मोबाइलवर नोंद उघडून पुन्हा पुन्हा बघितलं. नव्हतीच. फोटो आकड्यांशी संपत होता.

आता दोन संशयित झाले. दुसरे माझ्या मागं उभे राहून सुपारी कातरत होते. पाटीवर आता एकट्या त्यांच्याच आजोबांचं नाव होतं, नाही का?

“फोटो कुणी काढला होता, अप्पा?”

“म्याच.”

“सगळा दगड घेतला होता?”

“घेतला असंल की. चला, भाकरी खाऊन जावा.”

पाठ फिरवून ते चालायला लागले. मी तोंडावर काही बोललो नाही, तपासनीस आधी बोलत नसतो. घरी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. आमटी इतकी फक्कड होती की मला राग आला. फसवणाऱ्याच्या घरी दोन वेळा वाढून घ्यायचं म्हणजे काय!

मुक्काम धाराशिवला केला. स्थानकाजवळ साध्या खोल्या मिळतात, चादर मात्र उलटून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरग्याची गाडी. तुळजापूर, नळदुर्ग करत जाते, तीन तास धरून चाला. नळदुर्गनंतर हैदराबादचा हायवे, ट्रकमागं ट्रक, पाट्यांवर मराठीबरोबर कानडी दिसायला लागते. नळदुर्गचा किल्ला खिडकीतून बघितला. वाचकांनी तरी उतरून बघावा.

शेखबाईंचं घर विचारत विचारत सापडलं. दुसऱ्याच पानवाल्यानं सांगितलं, त्याच्या दोन्ही मुली बाईंच्या हाताखाली शिकल्या होत्या. दार बाईंनीच उघडलं. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर पांढरी ओढणी, जाड चष्मा, आणि पाढा चुकलेल्या पोराकडं बघावं तशी नजर. मी नाव सांगितलं.

“या भाऊ. लई उशीर केला तुम्ही.”

मी बसलो आणि सरळ मुद्द्यावर आलो. “बाई, सन तपासा, सन तपासा, इतकंच का लिहीत होता? चूक काय ते लिहायचं ना.”

“पहिल्यांदा लिहिलं होतं की. चांगलं पानभर. दगडावरची ओळ उर्दूत लिहून, खाली मराठी मतलब. तुम्ही ते काढून टाकलं.”

मला आठवलं. नोंद टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी अनोळखी लिपीतलं काहीतरी लांबलचक आलं होतं. खालपर्यंत न वाचता, जाहिरात असेल म्हणून मी उडवलं होतं. हे मी बाईंना तेव्हा सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

मी आदल्या दिवशी काढलेला फोटो दाखवला. बाईंनी मोबाइल चष्म्याजवळ धरला आणि बोट ठेवत वाचलं.

“ही खालची ओळ. सन फसली.”

“फसली?”

“हिजरी चांदवर चालते, भाऊ. फसली पिकावर. निजामाच्या कचेरीत सगळा कारभार फसलीत. सारा भरायचा तो फसलीत, कागद व्हायचा तो फसलीत. उर्दू दिसली की हिजरी, असं कुणी शिकवलं तुम्हाला?”

कुणीच नाही. मीच धरून चाललो होतो. बाईंनी जुन्या वहीच्या पाठीवर हिशोब करून दाखवला. त्या काळातला तोच आकडा फसली धरला तर साल नऊ वर्षांनी पुढं येतं. अकरा आणि नऊ. मी स्वतःशीच बेरीज केली.

“वीस,” बाई म्हणाल्या. “अब्बा वीस वर्षांचे होते. त्यांचं पहिलं मोठं काम. बाकी सगळी घरं बांधली लोकांची, त्यावर कुणी गवंड्याचं नाव लिहीत न्हाय. एका बारवेवर होतं.”

साल माझंच चुकलं होतं. पण सवय कुठं जाते? खालची ओळ कापली कुणी, हा प्रश्न होताच. मी तिथंच शिवलिंगप्पांना फोन लावला, स्पीकरवर, साक्षीदारासमोर.

“अप्पा, दगडाचा फोटो खालून कापून का पाठवलात?”

“म्या? म्या न्हाय कापला साहेब. मला कापाया कुठं येतंय? तुमच्या मोबाइलातच बघा की वर जाऊन.”

मी वर गेलो. वर्षभराचे नमस्कार, सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा ओलांडत त्या दिवसापर्यंत पोचलो. फोटो होता. पूर्ण होता. चारही कडा, शेवाळ, खालची ओळ, सगळं. ब्लॉगच्या मथळ्यात आडवा फोटो लागतो आणि शेवाळ घाण दिसत होतं, म्हणून तो मीच कापला होता. आता स्वच्छ आठवलं. कापल्यावर मी बायकोला दाखवलासुद्धा होता, किती छान बसला म्हणून.

आयुष्यात इतकी लाज मला दोनदा-तीनदाच वाटली असेल. फोन चालूच होता. मी अप्पांची माफी मागितली आणि सगळं सांगितलं.

“म्हंजे शंभरी अजून व्हायचीय?”

“नऊ वर्षांनी. त्यातलं एक आता सरलं.”

“आन् जेवण तर घालून झालं की हो!” मग आवाज उतरला. “गवंड्याच्या लेकीला सांगा साहेब, आमाला काय वाईट वाटायचं कारण न्हाय त्यांचं नाव लिवायला. तुमी म्हणला म्हणून पुसलं.”

बाई सगळं ऐकत होत्या. उठल्या, आत गेल्या, आणि खिचडी-खट्ट्याचं ताट माझ्यासमोर ठेवलं. मसुराची पिवळी खिचडी, चिंच-तिळाचा खट्टा, बाजूला पापड. भूक मेली होती, तरी खाल्ली.

“आठ वर्षांनी मी एक्याऐंशीची होईन,” त्या म्हणाल्या. “तेव्हाची शंभरी तेव्हा असतील ते करतील. नाव मात्र आत्ता लिहायला लावा, भाऊ. मला बघायचंय.”

परतीला उमरगा-सोलापूर गाड्या दर थोड्या वेळानं आहेत. अडीच तास. मी कुणाचंही तिकीट वाचलं नाही.

घरी आल्यावर ती नोंद पुन्हा लिहिली. पूर्ण फोटो लावला, शेवाळासकट. दुरुस्ती तळाला टाकणार होतो, बाईंना फोनवर वाचून दाखवली तर म्हणाल्या, “वर टाका.” वर टाकली. मग वर्षभराच्या ज्या ज्या नोंदीत उर्दू दगड किंवा जुना कागद होता, त्या सगळ्या उघडून तपासल्या. अजून दोन ठिकाणी मी सन धरून चाललो आहे, कुणालाच न विचारता. तिथं तसं लिहून ठेवलं. वर्षपूर्तीचा हिशोब म्हणाल तर हाच. वर्षभर ज्याच्या-त्याच्या तोंडाकडं संशयानं बघितलं, फक्त स्वतःच्या वाक्यांना विनातिकीट जाऊ दिलं.

चौथ्या दिवशी शिवलिंगप्पांकडून फोटो आला. निळ्या पाटीवर ताजा पांढरा रंग, ‘बांधकाम: कासीम गवंडी’. मी तो मोठा करून अक्षर न् अक्षर बघितलं आणि बाईंना पाठवला.

त्यांचं उत्तर लगेच आलं. “फोटोवर माझा विश्वास न्हाय. स्वतः जाऊन बघणार. बेंबळीची गाडी किती वाजता?”

मी वेळ कळवली, आणि मीही येतो म्हणून लिहिलं. गुरुवारी आम्ही दोघं त्या पाटीसमोर उभे होतो. बाईंनी आधी ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला. मग नावावर बोट ठेवलं, रंग वाळलाय की नाही ते बघितलं, आणि अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.