एप्रनवरचा पांढरा केस

आज इस्त्री केलेल्या एप्रनवर मांजर येऊन झोपलं आणि मला अकोल्याच्या प्रयोगशाळेतल्या, पिंजरे धुणाऱ्या बाई आठवल्या. माझी पीएचडी उंदरांच्या भुकेवर होती. कळ दाबली की साखरेची गोळी पडते, हे माझ्या उंदरांना पक्कं ठाऊक होतं. तरी आठवडाभर एकानेही कळ दाबली नव्हती. मी दिसले की सगळे कोपऱ्यात थिजायचे. विषयच सोडावा, असं मी ठरवत आणलं होतं. त्या दुपारी भुशाचं पोतं खाली ठेवून बाईंनी माझ्या एप्रनवरचा एक पांढरा केस चिमटीत धरला. “मॅडम, घरी मांजर पाळलं का?” जठारपेठेतल्या माझ्या खोलीवर नुकतंच एक पिल्लू आलं होतं. “मंग हे खातीन कसे? भूक हाय त्याईले, पण भेव वाटून राहिलं.” त्यांनी स्वतःचा, धुण्याच्या साबणाचा आणि भुशाचा वास येणारा एप्रन काढून मला दिला. तो घालून मी पिंजऱ्यांपाशी बसले, आणि थोड्या वेळाने टक्क करून कळ वाजली. आता माझ्या विद्यार्थ्यांचे आकडे बिघडले की मी आलेख बाजूला ठेवते आणि घरी मांजर आहे का, ते आधी विचारते. हा प्रश्न मला कोणी शिकवला, तेही सांगते.