सर, ते पाणी आपल्या टाकीचं नव्हतं

साळवे सर माझ्या सहीवर विश्वास ठेवून गेले.

आज वर्ष झालं. वर्षभर मी तोंड उघडलं नाही.

सरांनी आम्हाला सातवी ते दहावी सायन्स शिकवलं. पाथर्डी तालुक्यातली शाळा, लॅबच्या नावाने एक कपाट. सर डब्यातली अर्धी भाकरी बरणीत ठेवायचे आणि आठवड्याने तिच्यावरची बुरशी वर्गभर फिरवायचे. बाकीच्या पोरी नाक दाबून पळायच्या. मी बघत बसायचे.

सर पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाहीत. लग्नात, जत्रेत, चर्चच्या नाताळच्या जेवणातही स्वतःची बाटली. गावाने नावच ठेवलं होतं, उकळे सर.

"हसा," म्हणायचे, "जुलाब लागले की माझ्याकडंच या."

एमएस्सी मायक्रो करून मी सुप्याजवळच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये लागले. दूध, मसाले, पाणी. पहिलंच वर्ष, प्रोबेशन.

एक दिवस आमच्याच गावच्या टाकीच्या पाण्याचं सॅम्पल आलं.

ग्रामपंचायतीचा माणूस घेऊन आला होता. दुकानातल्या पाण्याच्या बाटलीत, बर्फाशिवाय.

दोन दिवस प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. जंतूंची एकही कॉलनी नाही. प्लेट कोरी करकरीत.

त्या टाकीचं पाणी मी लहानपणापासून प्यायलेय. त्यात शेवाळ येतं, कधी अळ्याही. हे पाणी आरओ प्लांटवरून भरून आणलंय हे कळायला एमएस्सी लागत नाही.

मॅनेजरला सांगितलं, हे सॅम्पल टाकीचं नाहीये.

त्यांनी स्क्रीनवरून नजरही काढली नाही. "मॅडम, आपण बाटली टेस्ट करतो, गाव नाही. सही करा, क्लायंट थांबलाय."

रिपोर्टच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं की निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. गावात ते कोण वाचतंय? 'पिण्यास योग्य' एवढंच वाचतात.

'टेस्टेड बाय'च्या खाली मी सही केली.

आठ दिवसांनी सरांचा फोन.

"अगं स्वाती, पंचायतीच्या बोर्डावर तुझी सही बघितली! फोटो काढून घेतलाय. लई बरं वाटलं बघ. घरी तुझ्या काकूंना सांगितलं, आता उकळायचं बंद. आपली पोरगी सही करती म्हणल्यावर कशाला भ्यायचं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सर, बंद करू नका.

मी म्हणाले, "थँक यू सर."

कौतुक ऐकून गोड वाटलं होतं मला. खरं कारण हेच. प्रोबेशन वगैरे नंतर सुचलेलं.

दोन महिन्यांनी टायफॉइड. सरांनी आधी अंगावर काढला. मग आतड्याला भोक पडलं आणि नगरच्या आयसीयूत चौथ्या दिवशी गेले.

पाण्यानेच गेले हे कधीच सिद्ध होणार नाही. हे मला माहितीये, मॅनेजरला माहितीये, पंचायतीलाही. म्हणून तर सगळे निवांत आहेत.

दफनाच्या दिवशी काकू माझा हात धरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "ही सरांची विद्यार्थिनी. लई अभिमान हुता त्यांना हिचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येणाऱ्यांना नमस्कार करत राहिले.

गेल्या रविवारी काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. मग उठल्या आणि नळाकडे बोट दाखवलं.

"बाटली आणलीय का? मग भर."

निर्जंतुक बाटलीत भरलं, बर्फात घालून नेलं. चोवीस तासांत प्लेट भरून गेली. ई. कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू.

लॅब याचा रिपोर्ट देणार नाही, कारण क्लायंट नाही. म्हणून इथे टाकतेय. प्लेटचा फोटो खाली आहे.

गावकऱ्यांनो, आपल्या नळाचं पाणी पिण्यास अयोग्य आहे. उकळूनच प्या. आणि पुढच्या वेळी सॅम्पल कुठून भरतात ते सोबत जाऊन बघा.

उद्या एचआरचा फोन येईल. येऊ दे.

सर, श्रद्धांजलीच्या आधी 'भावपूर्ण' लिहायला माझा हात धजत नाही.

नुसतीच घ्या.